राज्याचा आपत्ती कायदा सुधारायचा तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न असा विचारलाय की केंद्राचा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, २०२५ ला त्यात दुरुस्ती पण झाली, मग राज्याने आपल्या पातळीवर वेगळं काही करायची गरज आहे का, आणि करायचं तर नेमकं काय. उत्तर लांब होणारे पण मुद्दा आधीच सांगून टाकतो. गरज आहे, आणि राज्याला तेवढी जागाही आहे. फक्त सुरुवात सरकारचे अधिकार वाढवण्यापासून करू नका, ते आधीच भरपूर आहेत. धोक्याची सूचना माणसाच्या दारापर्यंत वेळेत पोचवणं हे एका ठराविक पदावरच्या माणसाचं कायदेशीर कर्तव्य करा, तिथून सुरुवात व्हायला पाहिजे.

मी पुणे जिल्ह्यात बरीच वर्षं या कामात आहे. कंट्रोल रूममध्ये रात्री काढल्यात, तालुक्यांचे आराखडे लिहिलेत, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालयातले लोक, सगळ्यांना ट्रेनिंग दिलंय. कायद्याचं कलम आणि प्रत्यक्ष पावसातली रात्र यांच्यात कुठे फट पडते ते रोज बघितलंय म्हणून एवढं लिहितोय.

आधी जागा आहे का ते बघू. आपत्ती व्यवस्थापन हा विषय घटनेच्या तीनपैकी एकाही यादीत नावाने नाहीये. २००५ चा कायदा संसदेने समवर्ती यादीतल्या सामाजिक सुरक्षेच्या, म्हणजे २३ क्रमांकाच्या नोंदीवर उभा केलाय. समवर्ती म्हणजे राज्यही कायदा करू शकतं. गुजरातने भूजच्या भूकंपानंतर २००३ ला स्वतःचा कायदा केला, बिहारने २००४ ला, उत्तर प्रदेशने २००५ ला. पण आता केंद्राचा कायदा आहे आणि त्याच्या ७२ व्या कलमाने तो बाकी कायद्यांच्या वर बसतो, त्यामुळे त्याच्याशी भांडणारं काही लिहायचं असेल तर घटनेच्या २५४ (२) खाली राष्ट्रपतींची संमती लागणार, आणि त्यात किती वर्षं जातील कोण सांगणार. म्हणून माझं मत पहिल्यापासून असं आहे की नवा जाडजूड कायदा लिहायच्या नादी लागू नका. त्याच केंद्रीय कायद्याच्या ७८ व्या कलमात राज्य सरकारला नियम करायचा अधिकार दिलाय, ते नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, म्हणजे चर्चा पण होते. शिवाय पाणी, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था हे तर सरळ राज्याचेच विषय आहेत, महापालिका अधिनियम राज्याचा आहे, नगररचना अधिनियम १९६६ चा राज्याचा आहे, अग्निप्रतिबंधाचा २००६ चा कायदा राज्याचा आहे. यात कलमं घालायला दिल्लीला विचारावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. २५ जुलै २०२४ ची पहाट पुण्यात कुणी विसरलेलं नाही. धरणक्षेत्रात आणि शहरात पाऊस कोसळत होता, खडकवासला धरणाचा विसर्ग, म्हणजे नदीत सोडलेलं पाणी, रात्रीतून वाढत वाढत ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) पुढे गेला, आणि सिंहगड रोडला एकता नगरीत लोक झोपेतून उठले तेव्हा पाणी पार्किंग भरून वर चढत होतं, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी वाचवायला गेलेली तीन तरुण पोरं पाण्यात उतरलेल्या विजेचा शॉक लागून गेली. नंतर रहिवासी एकच सांगत होते, आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि प्रत्येक खात्याकडे दाखवायला मेसेज होता, आम्ही पुढे कळवलं होतं म्हणून. माझ्या मते दोन्ही बाजू खरं बोलत होत्या, आणि कायद्यातली फट बरोबर तिथेच आहे.

धरणाच्या शाखेकडून मेसेज निघतो, अमुक वाजल्यापासून अमुक क्युसेक, नदीपात्रात कुणी उतरू नये. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो, तिथून जिल्ह्याच्या ग्रुपवर, तिथून महापालिकेच्या, तिथून वॉर्डच्या. रात्री दोन वाजता वॉर्डच्या ग्रुपवर तो कोण वाचतो? आणि वाचला तरी त्या माणसाला ३५ हजार क्युसेक म्हणजे आपल्या हद्दीत कुठपर्यंत पाणी हे कसं कळणार? पुणेकरांचं साधं माप आहे, नदीपात्रातला ठेंगणा भिडे पूल पाण्याखाली गेला का. ते माप अडाणीपणाचं नाहीये, उलट तेच बरोबर आहे, कारण ते जागा सांगतं. सरकारी मेसेज आकडा सांगतो. आणि कोणत्या विसर्गाला पाणी कुठे पोचतं हे आपल्याकडे माहीत नाही असं नाही, निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची, नकाशे जलसंपदाकडे आहेत, खडकवासल्यालाच केंद्राची पाण्यावर संशोधन करणारी एवढी मोठी संस्था बसलीये. फक्त त्या माहितीचं रूपांतर 'या विसर्गाला या सोसायटीची ही बिल्डिंग' अशा तक्त्यात करून तो आधीच लोकांच्या हातात देणं हे कुणाचंच बंधनकारक काम नाही.

२००५ च्या कायद्यात पूर्वसूचनेचा उल्लेख नाही का, तर आहे. ३० व्या कलमात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण काय काय करू शकतं त्याची मोठी यादी आहे, त्यात पूर्वसूचनेची यंत्रणा उभी करणं, लोकांना माहिती पोचवणं पण येतं. पण ते प्राधिकरणाला दिलेल्या कामांपैकी एक काम म्हणून येतं, किती वाजेपर्यंत, कोणत्या पदाने, पोचलं की नाही हे कसं तपासायचं, यातलं काहीही तिथे नाही. धरण सुरक्षेचा २०२१ चा कायदा धरण ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर इमर्जन्सी प्लॅन आणि पूरसूचनेची जबाबदारी टाकतो, चांगला कायदा आहे, पण शेवटचा टप्पा, म्हणजे महापालिकेपासून दारापर्यंत, तो तिथेही पक्का होत नाही. आता ५६ वं कलम बघा, आपत्तीच्या कामातली ड्युटी टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ऐकायला कडक आहे, पण ड्युटी नेमकी लिहिलेलीच नसेल तर टाळली असं सिद्ध कसं करणार? त्यात ५९ वं कलम म्हणतं की खटल्याला सरकारची आधी मंजुरी पाहिजे. म्हणजे शिक्षेचं कलम आहे, कर्तव्याचं कलम ढगळ आहे, आणि मधे मंजुरीची भिंत. त्याउलट सामान्य माणसाने आदेश मोडला तर ५१ वं कलम लगेच चालतं, कोविडमध्ये ते सगळ्यांनी बघितलं, आणि २०२५ च्या दुरुस्तीने आदेश न पाळणाऱ्याला दहा हजारापर्यंत दंडाची सोय पण केली.

म्हणून राज्याच्या नियमात मला जे पाहिजे ते असं. विसर्ग ठराविक टप्प्याच्या वर न्यायचा निर्णय झाला की तो प्रत्यक्ष सोडायच्या किती वेळ आधी कळवायचं ते लिहा. अगदीच आणीबाणी असली, धरणालाच धोका असला, तर अपवाद ठेवा पण त्याचं कारण त्याच वेळी नोंदवायला लावा. कळवणाऱ्याचं पद लिहा, घेणाऱ्याचं पद लिहा, आणि घेणाऱ्याने 'मिळालं' असं उलट कळवल्याशिवाय पाठवणाऱ्याचं काम संपत नाही असं लिहा, नुसत्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला कळवणं मानायचंच नाही. वॉर्डात भोंगा, लाउडस्पीकरची गाडी, सोसायटीच्या चेअरमनला आणि वस्तीतल्या नेमलेल्या माणसाला फोन, यातलं कोण काय करणार ते आधी ठरवा. मोबाइलवर एकदम सगळ्यांना वाजणारा अलर्ट आता तांत्रिकदृष्ट्या होतो, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सचेत प्रणाली आहे, पण तो अलर्ट मराठीत, जागेच्या नावासकट आणि काय करायचं ते सांगून जायला पाहिजे, 'सतर्क राहा' एवढ्याने कुणी जिना चढत नाही. आणि नदीकाठच्या फीडरची वीज कोणत्या पातळीला, कोणाच्या सांगण्यावरून बंद करायची, ते सुद्धा याच नियमात. पुलाच्या वाडीतलं ते पाणी रोखणं कदाचित कुणाच्या हातात नसेल, वीज तोडणं होतं.

इथे एक लक्षात घ्या, पुण्याचा सगळा पूर धरणातून येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून खाली अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीपर्यंत जे केलं त्यात शहर आणि आसपास मिळून वीसच्या वर माणसं गेली, आणि त्यात धरणाचा दरवाजा उघडण्याचा विषयच नव्हता. दोन-तीन तासांचा पाऊस आणि आवळलेला ओढा. तिथे विसर्गाचा टप्पा ठरवून काही होणार नाही, तिथे वरच्या भागातलं पर्जन्यमापक आणि ओढ्यातली पातळी हेच ट्रिगर, म्हणजे सूचना द्यायची खूण, धरावे लागतील आणि सूचनेला मिळणारा वेळ पण अर्ध्या-एक तासाचाच असेल. नियम लिहिताना हे दोन वेगळे प्रकार म्हणून लिहा. नाहीतर धरणाचं सगळं चोख होईल आणि ओढ्याकाठचा माणूस परत तसाच राहील. हवामान खात्याचं शिवाजीनगरचं सिमला ऑफिस आपल्या गावात आहे म्हणून पुण्याला ओढ्याचा पूर आधी कळतो असं होत नाही, अंदाज जिल्ह्याचा असतो आणि पाणी गल्लीत शिरतं.

यावर अधिकारी मंडळी हमखास एक हरकत घेतात आणि ती हरकत मी हलकी मानत नाही. ते म्हणतात, सूचना दिली नाही म्हणून अडकवणार असाल तर आम्ही रोज रेड अलर्ट टाकू, मग लोक ऐकायचेच बंद होतील. खरंय. त्यामुळे नियमात दोन गोष्टी एकत्र पाहिजेत. ठरलेल्या ट्रिगरवर सूचना दिली आणि पाणी आलंच नाही तर त्या अधिकाऱ्याला कुणीही, वरच्या साहेबाने सुद्धा, जाब विचारायचा नाही. ७३ व्या कलमात सद्हेतूने केलेल्या कामाला संरक्षण आहेच, ते इथे स्पष्ट शब्दांत परत लिहा. आणि ट्रिगर नसताना लावलेले अलर्ट पावसाळा संपल्यावर मोजायला लावा. मी ज्यांना शिकवलं त्या ज्युनियर लोकांना खटल्याची भीती फारशी नसते, त्यांना भीती असते ती 'उगाच घबराट पसरवली' या शेऱ्याची. ती भीती काढली तर निम्मे फोन वेळेत जातील असं मला मनापासून वाटतं.

आता २०२५ च्या दुरुस्तीबद्दल, कारण राज्यासाठी सगळ्यात मोठी संधी तिथे आहे. महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकारला वेगळं नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येतं, आयुक्त अध्यक्ष आणि कलेक्टर उपाध्यक्ष. पुण्यासारख्या ठिकाणी हे फार आधी व्हायला पाहिजे होतं, कारण जिल्हा प्राधिकरण भोर-वेल्ह्यापासून जुन्नरपर्यंतचं सगळं बघणार आणि शहराचे ओढे पण बघणार हे जमत नाही. पण बाकीचे सदस्य कोण असावेत ते राज्याने ठरवायचंय आणि इथे मला दोन काळज्या आहेत. एक, जिल्हा प्राधिकरणात निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो, नागरी प्राधिकरणात तशी खुर्ची कायद्याने ठेवलेली नाही. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं पुणे महापालिकेत प्रशासक होता, २०२४ च्या पुराच्या वेळी शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता, आणि माजी नगरसेवकच रस्त्यावर फोन फिरवत होते. नगरसेवकाबद्दल काय बोलायचं ते बोला पण कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे हे त्यालाच माहीत असतं. राज्याने नियम करताना महापौर आणि प्रभाग समितीचा माणूस आत घेतलाच पाहिजे, आणि सभागृह अस्तित्वात नसेल तेव्हा त्याच्या जागी कोण हे पण लिहून ठेवलं पाहिजे.

दुसरी काळजी हद्दीची. पुणे शहर कुठे संपतं हे पाण्याला कळत नाही. २०१७ ला ११ गावं महापालिकेत आली, २०२१ ला २३ आली, पलीकडे पिंपरी-चिंचवड वेगळी महापालिका, हिंजवडीत आयटी पार्क पण कारभार ग्रामपंचायतीचा, वरून पीएमआरडीए म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आणि मधे कँटोन्मेंट. जानेवारी २०२५ ला सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडीच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट वाढायला लागले तेव्हा पण पहिला प्रश्न हाच पडला, पाणी कुणाचं, विहीर कुणाची, टँकर कुणाचा. म्हणून प्राधिकरण नुसतं महापालिकेच्या नकाशावर नको. मुळा-मुठा आणि इंद्रायणीच्या खोऱ्यासाठी कलेक्टर, दोन्ही आयुक्त, पीएमआरडीए आणि जलसंपदा यांनी एकच कंट्रोल रूम चालवायची, आणि पावसाळ्यात तिथे निर्णय घेऊ शकणारा माणूस चोवीस तास बसायचा, एवढं नियमात टाका. निर्णय घेणारा म्हणतोय, फोन उचलणारा नाही. इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याचा पूल १५ जून २०२५ ला रविवारच्या गर्दीत कोसळला, चार माणसं गेली, पूल धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं आणि तिथे तसा बोर्डही होता. धोकादायक ठरलेली वास्तू प्रत्यक्ष बंद करणं, म्हणजे लोक जाऊच शकणार नाहीत अशी, हे बोर्ड लावण्याने पूर्ण होत नाही असं कायद्याने म्हणायला पाहिजे, आणि ठरल्यापासून किती दिवसांत ते पण.

डोंगराकडच्या गावांचा प्रश्न वेगळा आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं, आणि बाहेरच्या जगाला कळलं कसं तर एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. त्यानंतर धोकादायक गावांच्या याद्या झाल्या, सर्व्हे झाले. मग जुलै २०२३ ला खालापूरला इर्शाळवाडी गेली आणि ती दरडप्रवण यादीत नव्हती असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं. यादी ही गोष्ट अशी जीवघेणी असते, यादीत नाही म्हणजे धोका नाही असं खालपासून वरपर्यंत सगळे धरून चालतात. माझी मागणी साधी आहे. यादीचा आढावा दरवर्षी मे महिन्याच्या आत, गावकऱ्यांना किंवा ग्रामसभेला आपलं गाव, आपली वाडी तपासून घ्यायचा अर्ज करायचा हक्क, आणि त्या अर्जावर भूवैज्ञानिकाने जागेवर येऊन लेखी उत्तर द्यायची मुदत. जमिनीला भेग पडलेली पहिल्यांदा गुराख्याला दिसते, त्याचं म्हणणं नोंदवायला कायद्यात आज रकानाच नाही. आणि यादीत गाव आलं की पावसाळ्यापुरतं हलवायची जागा आधी तयार पाहिजे, जिथे गुरांची पण सोय आहे, कारण गुरं सोडून कुणी निघत नाही आणि कागदावरच्या प्रत्येक आराखड्यात निवारा म्हणून जिल्हा परिषदेची शाळा लिहून मोकळे होतात.

आता अधिकारांची मर्यादा. हा मुद्दा पुण्यात तरी समजावून सांगायला लागू नये. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला, चारच कलमांचा, सरकारला वाटेल ते करायची मुभा. त्याच्या जोरावर प्लेगच्या काळात रँडच्या हाताखाली सोल्जर लोकांच्या घरात, देवघरात घुसले, आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते इथल्या शाळकरी पोराला पण माहीत आहे. साथ आटोक्यात आणायचा हेतू खोटा नव्हता, पण लोकांना न विचारता, मर्यादा न घालता वापरलेल्या अधिकाराने लोक पेशंट लपवायला लागले. आणि तोच कायदा मार्च २०२० ला आपण परत काढला, जोडीला २००५ चा कायदा, आणि महाराष्ट्रातले निर्बंध शेवटी पूर्ण उठले ते १ एप्रिल २०२२ पासून. दोन वर्षं आदेशामागून आदेश निघत होते, एका रात्रीत दुकानांच्या वेळा बदलत होत्या, हद्द ओलांडली की नियम वेगळा. मी आतल्या बाजूला होतो, बऱ्याच आदेशांची गरज होती असं आजही म्हणेन. तरीही राज्याच्या नियमात हे यायलाच पाहिजे की असा आदेश कारणासकट प्रसिद्ध होईल, तीस दिवसांत आपोआप संपेल, पुढे न्यायचा तर नव्याने कारण द्यायचं, आणि विधिमंडळाच्या पुढच्या बैठकीत तो मांडायचा. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्यात आणीबाणीचे नियम तीस दिवसांत संपतात आणि सात दिवसांत संसदेने मान्य केले नाहीत तर आधीच संपतात, म्हणजे हे जगात कुठे होतच नाही असं नाही. आपल्या ७१ व्या कलमाने खालच्या कोर्टांचे दरवाजे बंद केलेत, फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट उरतं. हातगाडीवाला हायकोर्टात जाणार नाही. त्याच्यासाठी विभागीय आयुक्तांकडे तक्रार आणि सात दिवसांत निकाल, एवढी सोय नियमाने करता येते.

माणसांबद्दल थोडक्यात, कारण यावर बोलायला लागलो तर थांबणार नाही. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी अनेक ठिकाणी कंत्राटी असतो, त्याच्या शब्दावर कार्यकारी अभियंता हलत नाही. हे पद कायम, ठराविक दर्जाचं आणि किमान तीन वर्षं न हलवता येणारं करा. राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल धुळे आणि नागपूरला आहे, पश्चिम महाराष्ट्रासाठी आपण तळेगावजवळच्या सुदुंबरे इथल्या एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) पाचव्या बटालियनवर अवलंबून असतो, ते उत्तम काम करतात, पण २०१९ सारखं कोल्हापूर-सांगली बुडतं तेव्हा पथकं एकाच वेळी सगळीकडे पुरत नाहीत. त्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला लोकांनी भरलेली बोट उलटली ती सरकारी पथकाची नव्हती, गावातली होती, लोक मदतीची वाट बघून तिच्यात बसले. २०२५ च्या दुरुस्तीत राज्य दलाला कायदेशीर आधार मिळालाय, त्याचा उपयोग करून पुणे महसूल विभागात एक तुकडी कायमची ठेवा. आणि आपदा मित्र म्हणून पोरापोरींना ट्रेनिंग दिलंय त्यांना विमा आणि कामाच्या दिवसाची हजेरी नियमानेच द्या, नुसतं जॅकेट देऊन भागत नाही.

पैशांचं गणित बहुतेकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले, ८० टक्के प्रतिसादाचा आणि २० टक्के सौम्यीकरणाचा, म्हणजे आपत्ती यायच्या आधी करायच्या कामाचा. आपल्यासारख्या राज्याला यात केंद्राचा वाटा ७५ टक्के. हा वीस टक्के भाग फार मोलाचा आहे, आणि भीती अशी की तो सीमाभिंती, नाले बांधणी अशा मोठ्या टेंडरातच जाईल. ओढ्यातली पातळी मोजायचं यंत्र, भोंगे, तक्ते, वाडीतली निवारा शेड ही कामं छोटी असतात म्हणून कुणी प्रस्तावच करत नाही. यातला ठराविक हिस्सा पूर्वसूचनेसाठी आणि ठराविक ग्रामपंचायत-प्रभाग पातळीसाठी राखून ठेवा, बाकी मी यात फार शिरत नाही. मदतीत मात्र भाडेकरूचं नाव पंचनाम्यात वेगळं यायला पाहिजे. शहरात पाणी शिरतं ते तळमजल्यावर, आणि तिथे राहणारा बऱ्याचदा भाड्याने असतो, पंचनामा मालकाच्या घराचा होतो आणि गॅस, गादी, पोरांची दप्तरं ज्याची गेली त्याला कागद कुठला द्यायचा तेच कळत नाही.

शेवटचा विषय चौकशीचा. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर समिती नेमतात, त्यात बहुतेक तेच खात्याचे लोक असतात, अहवाल कधी येतो ते कळत नाही. नियम असा करा की माणूस दगावला अशा प्रत्येक आपत्तीनंतर साठ दिवसांत अहवाल, समितीत त्या खात्याबाहेरचे लोक जास्त, आणि मेसेज-फोनची वेळेनुसार नोंद अहवालाला जोडून सगळं मराठीत वेबसाइटवर. त्यात शिफारस केली तर ती मान्य की अमान्य हे सरकारने सहा महिन्यांत विधिमंडळात सांगायचं. कोण दोषी ते ठरवायला वेगळी प्रक्रिया ठेवा. ही दोन कामं एकत्र केली की कुणी खरं सांगत नाही, आणि पुढच्या पावसाळ्याला काय बदलायचं ते हाती लागत नाही. अशी वेळवार नोंद एकदा जरी नीट निघाली तरी कळेल की सूचना कोणत्या टेबलावर किती वेळ पडून होती.

हे सगळं एका अधिवेशनात होणार नाही. क्रम विचारला तर पूर्वसूचनेचा नियम आधी, त्याला पैसेही फारसे लागत नाहीत आणि ७८ व्या कलमाखाली तो एकटा काढता येतो. त्याच्या सोबत नागरी प्राधिकरणाची रचना, कारण ती एकदा चुकीची झाली की बदलायला वर्षं जातात. आदेशांची मुदत आणि चौकशीचं कलम त्यानंतर, कारण तिथे विरोध होणार हे धरून चला. आणि तुम्ही संस्थेकडून किंवा सोसायटी फेडरेशनकडून मसुद्यावर हरकती पाठवणार असाल तर सगळा मसुदा वाचायला वेळ नसला तरी सूचनेचा भाग काढा आणि बघा की तिथे पद, वेळ आणि पोच या तीन गोष्टी लिहिल्यात का. 'संबंधित यंत्रणांनी योग्य ती कार्यवाही करावी' असं काही असेल तर त्याच वाक्यावर हरकत घ्या, पर्यायी वाक्य स्वतः लिहून द्या, आपल्या भागात २०१९ ला किंवा २०२४ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याचे फोटो तारखेसकट जोडा, मुदतीच्या आत लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.